चार नंबरला बंदी

मंजुषाच्या पोटात काय दुखत होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागून कोणी म्हणेल की बिचारीवर उगाच आळ घेतला. दुखत होतं ते धाकट्या जावेमुळं. दुखणंही साधंसुधं नव्हतं. घास गोड लागू नये, कूस बदलावी तर त्या अंगालाही तीच उभी दिसावी, असलं ते दुखणं. हेवा म्हणतात त्याला, आणि त्याच्यावर सरकारी दवाखान्यात गोळी मिळत नाही.

आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला भगवंतरावांचं ऑनलाइन केंद्र आहे. पूर्वी तिथं किराणा दुकान होतं. मंजुषा थोरली सून होऊन आली त्या वर्षी भगवंतरावांनी किराणा मोडला, कॉम्प्युटर आणला आणि सुनेला विचारलं, "पोरी, तुले हे येते काय?" मंजुषा खाली मान घालून म्हणाली, "येत नाई मामाजी, पण शिकीन." आणि शिकली! बोटं दुखेपर्यंत शिकली. जातीचा दाखला असो, जमिनीच्या पट्टा पासबुकाची नक्कल असो, लाईटचं बिल असो, नाहीतर हंगामात कापूस आदिलाबादच्या यार्डात न्यायचं टोकन असो, गावात एकच म्हण होती: मंजूबाईकडं जा. खिडकीवर बसलेली बाई म्हणजे मंजूबाई. तिला याचा अभिमान होता, आणि तो फुकटचा नव्हता.

दुकान वाढलं तसे कॉम्प्युटर तीन झाले. ते जोडून द्यायचं काम धाकट्या दिराचं, जीवनचं. लोक ट्रॅक्टरवर आईबापाचं नाव रंगवतात ना, तशी या पोराला हौस आली. त्यानं कॉम्प्युटरांनाच घरच्या मोठ्यांची नावं दिली. बापाच्या टेबलावरचा भगवंतराव, मंजुषाच्या खिडकीवरचा राहीबाई, म्हणजे त्याची आई, आणि भिंतीकडचा जयवंताबाई, म्हणजे त्याची आजी, जी अजून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेते. वर चिठ्ठी चिकटवली ती चिकटवलीच, पण आतही तीच नावं भरली, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला पाहिलं की हीच नावं दिसायची.

झाली ना पंचाईत! सून सासऱ्याचं नाव घेते का कुठं? सासूचं, आजेसासूचं घेते का? मंजुषानं एवढ्या वर्षांत एकदाही घेतलं नाही. "मामाजीवालं मशीन", "आत्याबाईवालं", "आजीवालं" असंच ती म्हणायची. नेटच्या कंपनीचा माणूस फोनवर विचारायचा, "अम्मा, कोणत्या सिस्टमला प्रॉब्लेम?" तर ही म्हणायची, "आमच्या मामाजीच्या." तो बिचारा तेलुगू माणूस, त्याला वाटायचं मामाजींनाच काही झालं. पण मंजुषानं नाव नाही घेतलं. मोठ्यांचं नाव घेतल्यानं त्यांचं आयुष्य उणं होतं असं तिच्या आईनं सांगितलेलं, आणि ती ते पाळत होती.

तर अशा या खिडकीवर मागच्या उन्हाळ्यात चंचल आली. जीवनची बायको, माहेर मुधोळ, शिक्षण कॉम्प्युटरचा डिप्लोमा. नाव चंचल आणि पाय त्याहून चंचल. आल्याच्या आठवड्यात नेट अडकलं. नेट अडकलं की मंजुषाची पद्धत ठरलेली होती: राउटर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, वायर पदरानं पुसायची, देवाचं नाव घ्यायचं आणि आदिलाबादच्या त्या कंपनीच्या माणसाला फोन लावायचा. तो त्याच्या सवडीनं यायचा. तोवर लोक बाहेर बिड्या ओढत बसायचे.

चंचलनं पदर खोचला आणि कॉम्प्युटरवर एक काळा पडदा उघडला. त्यावर ना चित्र, ना बटण. नुसती पांढरी अक्षरं.

"हे काय वो?" भगवंतराव चष्मा वर करून म्हणाले.

"मामाजी, हे पिंग. म्हंजे हाक मारून पाहाची. समोरचा असला तर ओ देते, नसला तर नाई देत. आधी राउटरले मारली, त्यानं ओ देली. आता बाहेर मारते." ती टकटक करत राहिली. "बाहेरून ओ नाई. आता हे ट्रेसर्ट. आपला निरोप कोणत्या टप्प्यावर अडकला ते सांगते. पाहा, आपल्या दारातून निघाला, पुढच्या खांबावर अडकला. आपलं घर बरोबर हाये, कंपनीचं बिघडलं."

तिनं फोनवर त्या माणसाला टप्पा सांगितला, आणि तो माणूस, मंजुषाच्या फोनला दुपारपर्यंत जागचा न हलणारा तो माणूस, चहा थंड व्हायच्या आत नेट चालू करून मोकळा झाला!

मंजुषा मनात म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. पण ते नऊ दिवस काही सरेनात. आयपीकॉन्फिग लिहिलं की कॉम्प्युटर स्वतःचा नंबर सांगतो, हे चंचलनं सासऱ्याला शिकवलं. शेजारच्या हॉटेलातली पोरं चोरून वायफाय वापरतात हे तिनं शोधलं आणि राउटरच्या पानावर जाऊन त्यांच्या फोनांना बंदी घातली. मंजुषा शेजारीच उभी होती. काय दाबलं, कुठं लिहिलं, ते तिनं नीट पाहून ठेवलं. "शिकव" असं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. कालची आलेली पोर, तिच्याकडून मी शिकू? आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली ती, आणि मी तिला गुरू म्हणू?

कापसाचा हंगाम लागला तशी गर्दी वाढली. एका सकाळी भगवंतरावांनी चहा पिता पिता दोन्ही सुनांना सांगितलं, "पंकजले बी-बियाण्याचं दुकान टाकाचं हाये. अर्धी जागा त्याले देणं हाये. हंगाम सरला की आपल्याले एकच खिडकी राहीन. उद्यापासून टोकनच्या दोन रांगा लावा, दोघी बसा. लोकं जिच्याकडं जास्त जातीन, तिची खिडकी ठेवू. दुसरीनं घर पाहाचं."

पंकज म्हणजे मंजुषाचा नवरा. त्याच्याच दुकानापायी तिची खिडकी जाणार की राहणार अशी वेळ आली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, तो बशीतला चहा फुंकत होता. तिला वाटलं, एवढी वर्षं मी बसले, त्याचं काहीच नाही? माझी खिडकी आता जिंकून घ्यायची, आणि तीही हिच्याकडून? काळीज नुसतं करपलं तिचं.

त्याच दुपारी जे झालं त्यानं तर कहरच केला.

गिऱ्हाईक नव्हतं. चंचल सासऱ्याच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "मामाजी, नुसता नंबरच नाई, नावानं बी हाक मारता येते. हे पाहा, आता भगवंतराववरून जयवंताबाईले पिंग करते."

मंजुषाच्या हातातला कागद हातातच राहिला. भगवंतराव! असं, तोंड भरून! सासऱ्याच्या समोर, सासऱ्याचं नाव! आणि त्याच दमात आजेसासूचं! आता म्हातारा उठणार, आता दुकान डोक्यावर घेणार, आता हिची चांगली कणीक तिंबणार, म्हणून ती डोळे मोठे करून वाट पाहत राहिली. मनात उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोला.

आणि म्हातारा हसला.

"थांब थांब, मीच लिहितो. सांग काय लिहू." भगवंतरावांनी एका बोटानं आईचं नाव लिहिलं, एकेक अक्षर शोधून. काळ्या पडद्यावर ओळी उमटल्या: १९२.१६८.१.४ कडून उत्तर. पुन्हा तेच. पुन्हा तेच. म्हातारा मोठ्यानं वाचायला लागला, "शेवटी चार. पुन्हा चार. हे बी चार! पाह्य वो, माही माय जवाब देऊन राह्यली!" आणि तसाच ओट्याकडं तोंड करून ओरडला, "आई, वो आई! तुले हाक मारली, तू ओ देली!"

"कोण मेलं?" ओट्यावरून जयवंताबाई ओरडल्या. त्यांना ऐकू कमी येतं.

सासरा-सून दोघंही हसत सुटले. चंचल तर पोट धरून हसली. भगवंतरावांच्या डोळ्यात पाणी आलं हसून हसून, आणि त्यांनी चंचलच्या डोक्यावर हात ठेवला.

तो हात मंजुषाला टोचला. मी नाव जपलं, ती मनात म्हणत राहिली. मी एवढी वर्षं त्यांच्या पायांकडं पाहून बोलले, फोनवर लोकांची बोलणी खाल्ली पण नाव नाही घेतलं. माझ्या डोक्यावर कधी हात ठेवला? मी केलं ते सगळं पाण्यात, आणि ही निर्लज्ज पोर नाव घेऊन बसली तर तिला आशीर्वाद!

संध्याकाळी चंचल भाजी निवडायला घरात गेली. भगवंतराव देवळाकडं गेले. मंजुषा खिडकीवर एकटी राहिली आणि तिनं राउटरचं पान उघडलं. पासवर्ड दुकानात बसणाऱ्या तिघांनाही माहीत होता. हॉटेलच्या पोरांच्या वेळी पाहून ठेवलेलं सगळं तिला आठवत होतं. उद्या सकाळी टोकन सुटले की ते पाहता पाहता संपतात. यार्डाची जेवढी जागा तेवढेच टोकन. नेमक्या त्या वेळेला चंचलचं भिंतीकडचं मशीन मुकं झालं पाहिजे. मग मार म्हणावं पिंग! घाल म्हणावं हाका! रांगेतल्या लोकांनी शिव्या दिल्या की उतरेल सगळा डिप्लोमा.

पानावर यादी आली. एका बाजूला नाव, शेजारी नंबर. खाली लिहिलेलं, ज्याला बंदी घालायची त्याचं नाव निवडा किंवा नंबर लिहा.

तिनं बाण जयवंताबाईवर नेला. नावापुढं लाल अक्षरं आली: बंद.

जयवंताबाई बंद! ओट्यावर म्हातारी खोकत होती. नव्वदीला टेकलेलं माणूस, त्याच्या नावापुढं असलं अक्षर आपल्या हातानं लावायचं? उद्या म्हातारीला काही झालं तर? छे! जावेशी वैर आहे, आजेसासूशी नाही. मंजुषानं बाण मागं घेतला, देव्हाऱ्याच्या दिशेला हात जोडले आणि नावाच्या शेजारचा नंबर लिहिला, शेवटी चार असलेला. चार नंबरला बंदी. नंबराला काय, जीव थोडाच असतो! ठीक झालं असं म्हणून तिनं पान मिटलं, आणि त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

रात्री लाईट गेली. हंगामात ती जातेच, त्याचं कोणी मनावर घेतलं नाही.

सकाळी मंजुषा डबे करून दुकानात आली तर चंचल आधीच हजर. झाडून झालेलं, उदबत्ती लावलेली, मशीनं चालू करून ठेवलेली. खिडकीबाहेर दोन रांगा. मंजुषाची रांग दुप्पट लांब होती. जुनी ओळख ती जुनी ओळख. सगळ्यात पुढं भिवाजी, पट्टा पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेलं. त्याचा कापूस ट्रॅक्टरमध्ये भरून हायवेवर उभा होता.

"मंजूबाई, पह्यलं टोकन माहं," भिवाजी म्हणाला. "दरसाल तुमच्याच हातानं निंगते. हात चांगला हाये तुमचा."

मंजुषा चंचलला ऐकू जाईल असं म्हणाली, "बसा निवांत काका, आत्ता काढते."

वेळ झाली. टोकन सुटले. मंजुषानं बटण दाबलं आणि तिरप्या डोळ्यानं भिंतीकडं पाहिलं, जावेचा चेहरा कसा पडतो ते पाहायला.

चेहरा काही पडला नाही. चंचलच्या प्रिंटरमधून सर्रकन पहिलं टोकन बाहेर आलं. मागोमाग दुसरं.

आणि मंजुषाच्या पडद्यावर एक गोल चक्कर फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय. तिनं पान बंद केलं, पुन्हा उघडलं. चक्कर. वायर हलवली. चक्कर. पदरानं पुसली. चक्कर! कपाळावर घाम आला. मागचे लोक मान उंच करून पाहायला लागले. "काऊन वो बाई, काय झालं?" "तिकडं तं निंगून राह्यले टोकन!" एक जण सरकला तिकडं, मग दोघं, मग रांगेची शेपटीच तुटून भिंतीकडं गेली.

भिवाजी हलला नाही. "मी बाईच्याच हातानं काढीन," तो मागच्याला म्हणाला. "घाई कायची हाये?"

चंचलनं मान वळवून विचारलं, "ताई, काही अडलं काय? येऊ का?"

"तुह्यं तू पाह्य!" मंजुषा फिस्कारली.

थोड्याच वेळात चंचलच्या पडद्यावर आलं, आजचे टोकन संपले. मंजुषाच्या खिडकीवरून एकही निघालं नव्हतं. भिवाजी प्लास्टिकची पिशवी धरून तसाच उभा होता.

आता चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. आपण घातलेली बंदी कुठं गेली हे मंजुषाला कळेना, आणि जे कळेना त्याचा तिनं एकच अर्थ लावला. या पोरीला सुगावा लागला. हिनं आपली बंदी काढली आणि उलट माझ्यावर घातली. म्हणून तर ही सकाळी आधी येऊन बसली! संतापाच्या भरात माणसाला जीभ आवरत नाही. मंजुषा उठली आणि सगळ्या रांगेसमोर ओरडली, "मामाजी, हिनं माहं मशीन बंद केलं! सकाळी कोणी नसताना येऊन केलं. खिडकीसाठी केलं हिनं! पाहा तुमची लाडकी!"

भगवंतराव टेबलावरून उठले. चंचलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मी?" ती म्हणाली. "मी काऊन करीन? सरका ताई, पाहू द्या मले."

ती मंजुषाच्या खुर्चीवर बसली. काळा पडदा उघडला. सासरे मागं उभे, खिडकीत भिवाजी आणि त्याच्या मागं दहा डोकी.

"पह्यलं आयपीकॉन्फिग," चंचल मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे मशीन आपला नंबर सांगते. आजचा नंबर, शेवटी चार."

चार! चार तर जावेचा नंबर होता. काल होता. तिनं नीट पाहून लिहिला होता.

"आता राउटरले पिंग. ओ देली, चारही वेळा. म्हंजे वायर बरोबर. आता बाहेरच्यांले पिंग." पडद्यावर ओळ आली, वाट पाहण्याची वेळ संपली. पुन्हा तीच. "ओ नाई. माह्या मशीनवरून बाहेर ओ भेटते, इथून नाई. आता ट्रेसर्ट. पाहा मामाजी, पह्यला टप्पा राउटर, त्याच्या पुढं नुसत्या चांदण्या, म्हंजे कोणाचाच जवाब नाई. आपल्याच दारात अडवलं हाये ह्याले."

"राहू दे चंचल," मंजुषा घाईनं म्हणाली. "जाऊ दे. बंद-चालू करून पाहू. मीच करते. सर."

"नाई," भगवंतराव म्हणाले. "लोकाईसमोर आळ घेतला तू. आता लोकाईसमोरच पुरं पाहू."

स्वतःच्या तोंडानं तिनं स्वतःला बांधून घेतलं होतं. चंचलनं राउटरचं पान उघडलं. बंदीच्या यादीत हॉटेलच्या पोरांचे फोन होते, आणि त्यांच्याखाली एक नवी ओळ: १९२.१६८.१.४. शेजारी कालची तारीख, संध्याकाळची वेळ.

"काल?" भगवंतराव वाकून म्हणाले. "पण काल तं हे चालून राह्यलं होतं. दिवे लागणीपर्यंत दाखले काढले मंजुषानं."

"मामाजी, राउटर जुना हाये आपला," चंचल हळू म्हणाली. "लाईट गेली की कोणाले कोणता नंबर देला ते विसरते. सकाळी जे मशीन आधी उठीन त्याले आधीचा नंबर, मागून उठीन त्याले मागचा. आज मी माहं आधी चालू केलं. म्हणून माहा नंबर बदलला, ताईचा बी बदलला. बंदी तेवढी चारवरच राह्यली." बोलता बोलता तिचं तिलाच काहीतरी उमगलं, आणि ती थांबली. मंजुषाकडं तिनं पाहिलं नाही. पडद्याकडंच पाहत राहिली.

पण भगवंतराव काही खुळे नव्हते. किराणा चालवलेला माणूस तो. ते पुटपुटले, "काल चार नंबर माह्या मायचा होता. मीच वाचला. चार, पुन्हा चार." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पानावर बोट ठेवलं. "इथं नाव बी हाये, नंबर बी हाये. हॉटेलच्या पोट्ट्याईले चंचलनं बंदी घातली ती नावानं घातली. ही नंबरानं घातली. नाव समोर असून नंबर लिहिला."

त्यांनी वर पाहिलं. या घरात कोण नाव घेत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. गावालाही नको होतं.

मंजुषाला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उलट बोलता येतं, रडता येतं, माहेरी निघून जाता येतं. भगवंतराव अगदी सावकाश म्हणाले, "माह्या मायच्या नावाले तू जपलं, मंजुषा. माह्या दारात आलेल्या माणसाले नाई जपलं."

चंचलनं यादीतली ओळ पुसली, पुन्हा पिंग मारला, बाहेरून ओ आली. मग ती खुर्चीवरून उठली आणि जावेच्या जवळून जाताना इतकंच म्हणाली, "ताई, मले सांगतलं असतं तं मी बसलीच नसती खिडकीवर."

आता तुम्ही म्हणाल, यावर तरी मंजुषाला लाज वाटली असेल. वाटली, नाही कसं म्हणू? पण लाजेच्या आधी काय वाटलं ते ऐका. तिला वाटलं, मेली इथंही पुढं गेली! भांडली असती तर बरोबरीची झाली असती. मोठेपणा घेऊन गेली, तोही माझ्या खिडकीपाशी उभी राहून! हेव्याचं असं असतं. त्याला चांगलं दिलं तरी ते त्यातून काटाच काढतं.

खिडकीबाहेर लोक पांगायला लागले. भिवाजीनं पासबुक पिशवीत नीट गुंडाळलं. "काका," मंजुषा म्हणाली, "उद्या पह्यलं तुमचंच काढते. शप्पथ."

भिवाजीनं ऐकलं. तो हायवेकडं गेला, ट्रॅक्टरवाल्याशी काही बोलला, आणि कापसानं भरलेला ट्रॅक्टर आल्या वाटेनं गावाकडं वळला.

दुसऱ्या दिवशी मंजुषा सगळ्यांच्या आधी आली. झाडलं तिनं, उदबत्ती लावली तिनं, मशीनंही तिनंच सुरू केली. भगवंतरावांनी तिला खिडकीवरून उठवलं नव्हतं. खुर्ची तीच होती. तिनं जावेसारखाच काळा पडदा उघडला, आठवून आठवून अक्षरं लिहिली आणि बाहेर हाक मारली. ओ आली. एकदा, दोनदा, चारही वेळा. कुठंच काही अडलं नव्हतं. आज एका क्षणात टोकन निघेल. तिनं खिडकीची फळी पूर्ण वर केली.

लोक आले. भिंतीकडच्या खिडकीसमोर रांग लागली, ती ओट्याला वळसा घालून हॉटेलपर्यंत गेली. मंजुषाच्या खिडकीसमोर कोणी नव्हतं. एखादा चुकून इकडं वळायचा, तर मागचा त्याचा सदरा ओढायचा.

भिवाजी आला. तीच पिशवी छातीशी. मंजुषानं हात वर केला. "काका, या ना. इथं रिकामंच हाये. पह्यला नंबर तुमचा."

चंचलनंही तिकडून हाक दिली, "काका, ताईकडं जा. लवकर होईन."

भिवाजी दोन खिडक्यांच्या मधे थांबला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. रागावलेला माणूस समजावता येतो. "काल मी तुमच्याच भरवशावर उभा होतो, बाई," तो म्हणाला, आणि हॉटेलपर्यंत गेलेल्या रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला.

टोकन सुटले. चंचलचा प्रिंटर सर्रसर्र वाजायला लागला. मंजुषा पडद्याकडं पाहत बसली. सगळं चालू होतं, आणि करायला काही नव्हतं. तिला चंचलचा हेवा वाटत होता, कालच्यापेक्षा जास्तच वाटत होता, आणि आज त्याचा दोष चंचलला देता येत नव्हता.

तेवढ्यात पंकज मागच्या दारानं आत आला. हातात मोजायची टेप होती. बी-बियाण्याच्या कपाटांचं माप घ्यायला त्याला बापानं सांगितलं होतं. त्यानं भिंतीकडच्या लांब रांगेकडं पाहिलं, मग बायकोच्या खिडकीकडं, आणि टेपचं टोक तिच्या खुर्चीच्या पायाशी धरलं.

"जराशी उठतं काय वो," तो म्हणाला, "इथूनच धरा लागन."

मंजुषा उठली, आणि तिनं खुर्ची स्वतःच बाजूला सरकवून दिली.